लाल वर्तुळांचा भरवसा

२०१५ च्या ऑगस्टमध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या अमेरिकन मासिकाने टेस्लाच्या मॉडेल एस या विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या एका प्रकाराला शंभरपैकी एकशेतीन गुण दिले. शंभरांत एकशेतीन बसत नाहीत, म्हणून गुणांची मोजपट्टीच नव्याने आखावी लागली आणि शेवटी शंभर लिहिले गेले. यानंतर दोन महिनेही झाले नसतील, ऑक्टोबरमध्ये त्याच मासिकाने त्याच मोटारीवरची आपली शिफारस काढून घेतली. सुमारे चौदाशे मालकांनी कळवलेल्या तक्रारींवरून या गाडीचा भरवसा सरासरीहून कमी ठरत होता. चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारी यंत्रणा, चार्जिंगची सामग्री, मधला मोठा पडदा, अंगाची कुरकुर आणि पाणी झिरपणे अशा त्या तक्रारी होत्या. त्या दिवशी टेस्लाचा शेअर घसरला. आणि याच मालकांपैकी सत्त्याण्णव टक्के म्हणत होते, की पुन्हा गाडी घ्यायची झाली तर हीच घेऊ.

एकाच मासिकाने एकाच गाडीला आठ आठवड्यांच्या अंतराने डोक्यावर घेतले आणि खाली ठेवले, याची तेव्हा बरीच थट्टा झाली. मला ती अस्थानी वाटते. एकशेतीन गुण दिले ते कनेक्टिकट राज्यातल्या मासिकाच्या स्वतःच्या चाचणी-मैदानावर गाडी चालवून पाहणाऱ्या मोजक्या जाणकारांनी. शिफारस गेली ती वर्गणीदारांच्या उत्तरांमुळे. पहिल्या मोजणीत गाडी नवी असताना कशी चालते ते कळते. दुसऱ्या मोजणीत ती घरी आल्यावर किती त्रास देते ते. आपल्याकडे मुलगी पाहायला जाणे आणि नांदवणे यांत जेवढा फरक आहे तेवढाच हा फरक. प्रश्न दुसऱ्या मोजणीचा आहे. ती खरी मानायची का, आणि मानायची तर किती?

मराठी दिवाळी अंकात हा विषय परका वाटेल. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या दारात मी जितक्या गाड्यांविषयी ऐकले, त्यांत कॅमरी, कोरोला, ॲकॉर्ड, सिव्हिक यांच्यापलीकडची नावे फार थोडी. माझा एक मावसभाऊ पंचवीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला. पहिली गाडी घेण्याआधी त्याला तिथल्या मराठी मंडळींनी एकच सल्ला दिला : ग्रंथालयात जा, या मासिकाचा एप्रिलचा मोटार-अंक बघ आणि जिथे लाल वर्तुळे जास्त तिथे पैसे टाक. ग्रंथालयाने नंतर विक्रीला काढलेले असे जुने अंक त्याने मला आणून दिले. संख्याशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही; जे काही शिकलो त्यातले बरेचसे या अंकांतल्या बारीक टाइपात छापलेल्या टिपा समजून घेण्याच्या खटपटीत शिकलो.

त्या अंकांत प्रत्येक गाडीचा एक उभा-आडवा तक्ता असे. एका बाजूला इंजिन, कूलिंग, गिअरबॉक्स, ब्रेक, विजेची सामग्री, गंज अशी भागांची यादी. दुसऱ्या बाजूला गाडीची सालवार पिढी. आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. पूर्ण लाल म्हणजे सर्वांत चांगले, अर्धे लाल म्हणजे बरे, पांढरे म्हणजे मधले, मग अर्धे काळे आणि पूर्ण काळे. २०१६ साली मासिकाने वाहतुकीच्या दिव्यांचे रंग घेतले. तेव्हापासून हिरवे चांगले आणि लाल वाईट. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाल रंगाच्या शोधात लोक पाने उलटत होते, तो रंग आता टाळायचा आहे. या लेखात मी जुनीच लाल-काळी भाषा ठेवतो. माझ्यापुढचे अंक तेच आहेत.

ही संस्था आली कुठून, हे थोडक्यात. १९२९ मध्ये एफ. जे. श्लिंक आणि स्टुअर्ट चेस यांनी ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ ही वस्तूंची परीक्षा करणारी संस्था काढली. १९३५ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि संपकऱ्यांतल्या मंडळींनी पुढच्या वर्षी ‘कन्झ्युमर्स युनियन’ स्थापन केली. तिचे मासिक मे १९३६ मध्ये निघाले. जाहिरात घ्यायची नाही, परीक्षेसाठीची वस्तू कंपनीकडून फुकट घ्यायची नाही, दुकानातून सामान्य गिऱ्हाइकासारखी विकत आणायची, हे नियम. जे. डी. पॉवर ही १९६८ मध्ये निघालेली दुसरी प्रसिद्ध संस्था याच्या उलट टोकाला आहे. तीही मालकांना प्रश्न विचारते, पण आपले अहवाल मोटार कंपन्यांना विकते आणि पहिला क्रमांक आलेल्या कंपनीकडून तो जाहिरातीत मिरवण्याचे पैसे घेते. असे असूनही तिचे आकडे एका बाबतीत अधिक उपयोगी आहेत. त्याकडे नंतर येतो.

या कटकटीची गरज का पडते, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या निबंधात दाखवले. अमेरिकेत खोट्या निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. जुन्या गाडीतले खोटेपण विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगली गाडीवाला बाजारातच येत नाही. २००१ चे नोबेल त्यांना ज्या कामासाठी वाटून मिळाले त्याचा पाया हाच निबंध. घेणाऱ्याच्या अज्ञानावर उपाय म्हणजे दुसऱ्या घेणाऱ्यांना विचारणे. आपल्याकडे आपण मेकॅनिकला विचारतो, सोसायटीतल्या त्याच गाडीच्या मालकाला विचारतो. अमेरिकन मासिक हेच करते. फक्त त्याचे शेजारी काही लाख आहेत. २००७ च्या पाहणीत तेरा लाख गाड्यांची माहिती आली होती.

वर्गणीदाराला विचारले जाते ते साधारण असे : गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीत असा कोणता बिघाड झाला, जो खर्च, सुरक्षितता, गाडी बंद पडणे किंवा अडकून राहणे यांमुळे तुम्हाला गंभीर वाटला? वॉरंटीत फुकट दुरुस्त झालेलेही सांगा. अपघाताचे नुकसान सांगू नका. उत्तरांची बेरीज करताना इंजिन, गिअरबॉक्स अशा महागड्या भागांना जास्त वजन दिले जाते.

पहिला आक्षेप नेहमीचा आहे : वर्गणीदार म्हणजे अमेरिका नव्हे. पैसे मोजून असे मासिक घेणारा माणूस ठरलेल्या मैलांवर तेल बदलणारा, पावत्या जपून ठेवणारा. आणि निव्वळ मोठ्या संख्येने काही सिद्ध होत नाही, याचा धडा नेमका या मासिकाच्या जन्मवर्षीच मिळाला होता. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या नावाजलेल्या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका जमवून लँडन राष्ट्राध्यक्ष होणार असे छापले. रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये जिंकले. ते साप्ताहिक त्यानंतर फार दिवस टिकले नाही.

पण ही तुलना इथे पूर्ण लागू पडत नाही. डायजेस्टला एकच आकडा हवा होता : कोणाला किती मते. मोटारींच्या तक्त्याला हवी आहे तुलना. वर्गणीदार गाडी नीट ठेवतो म्हणून बिघाड सर्वच गाड्यांत कमी दिसतील, पण सर्व गाड्यांत सारख्याच प्रमाणात कमी दिसत असतील तर क्रम बदलणार नाही. वजनकाटा पाव किलो कमी दाखवत असला, तरी दोन पिशव्यांतली जड कोणती ते तो बरोबरच सांगतो. तेव्हा ‘वर्गणीदार वेगळे आहेत’ एवढ्याने तक्ता खोटा ठरत नाही. तो खोटा ठरायला एका कंपनीच्या गाडीचा वर्गणीदार आणि दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा वर्गणीदार यांची उत्तर देण्याची रीतच वेगळी असायला हवी.

दुसरा आक्षेप तसाच आहे, आणि तो जास्त खोल आहे. मासिक म्हणते टोयोटा घ्या. वाचक टोयोटा घेतो. वर्षाने मासिक त्यालाच विचारते, कशी आहे? आपला निर्णय चुकला असे कोण लिहील? खडखड झाली तरी ती ‘गंभीर’ नाही असे त्याला वाटेल. आणि फोर्डवाल्याला तीच खडखड गंभीर वाटेल. ‘तुम्हाला गंभीर वाटला’ या शब्दांत ही फट ठेवलेलीच आहे.

हे तपासायला निसर्गानेच दिल्यासारखा एक प्रयोग अमेरिकेत घडला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४ मध्ये ‘नुमी’ हा सामायिक कारखाना सुरू केला. तिथे टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझ्म या गाड्या निघत. आतून जवळजवळ एकच गाडी, तेच कामगार, नावाची पट्टी वेगळी. मासिकाच्या तक्त्यात दोघींनाही चांगली लाल वर्तुळे मिळत. म्हणजे अमेरिकन नावाची गाडी चांगली असेल तर वर्गणीदार तसे लिहीत होते. बाजार मात्र तसे मानत नव्हता. मेरी सलिव्हन यांनी १९९८ मध्ये अशा जुळ्या मोटारींच्या जुन्या बाजारातल्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला; मागे कोणत्या कंपनीचे नाव आहे यावर सारख्याच गाड्यांचे भाव वेगळे पडतात असे त्यांना दिसले. पूर्वग्रह होता, पण या जोडीपुरता तरी तो तक्त्यापेक्षा तक्ता न वाचणाऱ्यांत जास्त होता. नुमी २०१० मध्ये बंद झाला. तो कारखाना टेस्लाने घेतला आणि शिफारस गमावलेली मॉडेल एस तिथेच तयार होत होती. एकाच छपराखाली लाल वर्तुळे बनली आणि काळीही बनली. दोष पाण्याचा नसावा.

दुसरा पुरावा २००७ च्या ऑक्टोबरचा. त्या वर्षीच्या पाहणीत टोयोटाच्या कॅमरीचा सहा सिलिंडरचा प्रकार आणि टुंड्रा या पिकअपचा आठ सिलिंडरचा, चारही चाकांवर चालणारा प्रकार सरासरीखाली गेले. वर्गणीदारांना टोयोटाची भूल पडलेली असती तर हे झाले नसते. तिसरा पुरावा वर आलाच : सत्त्याण्णव टक्के मालक टेस्लावर लुब्ध होते आणि तरीही पडदा बंद पडला तर ‘पडदा बंद पडला’ असेच लिहीत होते. प्रेम आणि तक्रार एकाच माणसाच्या हातून एकाच कागदावर उतरू शकतात. घरोघरी आपण ते पाहतो.

म्हणजे मतलबीपणा आणि भक्ती हे दोन्ही आरोप मला फारसे टिकणारे वाटत नाहीत. पण २००७ च्या त्याच बातमीत एक वेगळी गोष्ट दडलेली होती, आणि टीकाकारांनी तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे होते. मासिकाने तेव्हा जाहीर केले, की यापुढे टोयोटाच्या नव्या किंवा पूर्ण बदललेल्या गाडीला माहिती हाती येण्याआधी शिफारस मिळणार नाही. ‘यापुढे’ हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे तोवर मिळत होती! गाडी अजून एकाही वर्गणीदाराकडे वर्षभर राहिलेली नाही, आणि तरी केवळ घराण्याच्या लौकिकावर तिला भरवशाचा शिक्का बसत होता. मुलगा कसा आहे न पाहता घराणे पाहून सोयरीक करण्याचा हा प्रकार. तक्त्यातली वर्तुळे मोजलेली होती, पण नव्या गाडीसमोरचा ‘अपेक्षित भरवसा’ हा अंदाज होता. दोन्ही एकाच पानावर, एकाच आकाराच्या खुणांनी छापलेले. दुकानात जाणारा माणूस नवी गाडी घेत असतो, म्हणजे त्याच्या उपयोगाचा तो अंदाजच.

आता माझा मुख्य मुद्दा. वर्तुळ काय सांगते? इतरांच्या मानाने ही गाडी कुठे आहे, ते. किती अंतराने पुढे किंवा मागे आहे, ते सांगत नाही. इथे जे. डी. पॉवरचे आकडे कामाला येतात, कारण ते दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असे उघड छापले जातात. २०१९ च्या त्यांच्या पाहणीत तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना गेल्या बारा महिन्यांविषयी विचारले होते. सर्वांची सरासरी निघाली शंभर गाड्यांमागे १३६ तक्रारी. सर्वांत वर असलेल्या लेक्ससच्या १०६, आणि सर्वांत खाली असलेल्या फियाटच्या २४९. यादी म्हणून वाचले तर लेक्सस शिखरावर आणि सरासरीची गाडी पार मध्यावर. पण एका घराच्या दृष्टीने वाचले तर? सरासरी गाडीला वर्षाला १.३६ तक्रारी, लेक्ससला १.०६. फरक दर दहा गाड्यांमागे तीन तक्रारींचा. या तक्रारींत फोन जोडला न जाणे हेही आले आणि गिअरबॉक्स जाणेही आले. फियाटशी तुलना केली तर मात्र फरक वर्षाला जवळजवळ दीड तक्रारीचा होतो, तो जाणवेल. खालचे टोक खरेच खाली आहे. वरच्या अर्ध्यातली शर्यत केसाएवढ्या अंतराची आहे. क्रमांक किंवा वर्तुळ वाचणाऱ्याला या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

वर्तुळामागची संख्याही लहान असते. लाखो गाड्या ऐकून आपण दबतो, पण त्या शेकडो मॉडेलांत आणि प्रत्येक मॉडेलच्या दहाएक सालांत वाटल्या जातात. उदाहरणादाखल एका मॉडेलच्या एका सालाच्या ३०० गाड्या धरू. समजा, विजेच्या सामग्रीत त्यांतल्या तीन टक्क्यांना म्हणजे नऊ गाड्यांना बिघाड झाला. आता गाडीत कणभर फरक न करता, त्याच गाडीच्या दुसऱ्या ३०० मालकांना विचारले, तर नऊऐवजी पाच येतील किंवा तेराही येतील. निव्वळ योगायोगाने एवढा चढउतार होतोच. पण पाच म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास आणि तेरा म्हणजे सव्वाचारच्या वर. गाड्या सुधारत गेल्या तशा वर्तुळांच्या पायऱ्याही मासिकाला जवळजवळ आणाव्या लागल्या, म्हणून एवढ्या फरकात वर्तुळ लालवरून अर्ध्या काळ्यावर सहज जाऊ शकते. जुन्या अंकांत एखादी न बदललेली गाडी एका साली लाल, पुढच्या साली पांढरी, मग पुन्हा लाल दिसते, त्याचे रहस्य बहुधा कारखान्यात नसते.

आणि ‘बिघाड’ म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. २०११ मध्ये जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या यादीत फोर्ड पाचव्या क्रमांकावरून थेट तेविसाव्यावर आली. इंजिने वितळली नव्हती. स्पर्शाने चालणारा नवा पडदा लोकांना डोकेदुखी झाला होता आणि नव्या गिअरबॉक्सचे हिसके आवडत नव्हते. डोकेदुखी खरी आहे, पण ‘भरवसा’ म्हणताना रस्त्यात बंद पडणारी गाडी डोळ्यांपुढे येते. जर्मनीतला ‘आडाक’ हा मोटारचालकांचा संघ नेमके तेवढेच मोजतो : रस्त्यात बंद पडलेल्या ज्या गाड्यांसाठी त्यांचे पिवळे मदतवाहन गेले, त्यांची नोंद. इथे कोणाच्या मताला वाव नाही. पण ज्या कंपन्या स्वतःचे मदतवाहन पाठवतात त्यांच्या बंद पडलेल्या गाड्या या वहीत कमी चढतात. याच आडाकने २०१४ च्या जानेवारीत स्वतःचे नाव घालवले. वाचकांच्या ‘आवडत्या मोटारी’च्या स्पर्धेत गोल्फला ३,४०९ मते पडली होती, ती ३४,२९९ म्हणून जाहीर केली होती. बिघाडांच्या वहीचा या लबाडीशी संबंध नव्हता, पण एकदा एक आकडा फुगवलेला सापडला की लोक दुसराही चिमटीत धरून पाहतात.

अमेरिकन मासिकाचीही एक मोठी नाचक्की झाली आहे. तान्ह्या मुलांच्या गाडीतल्या आसनांच्या धडक-चाचण्या २००७ च्या आरंभी त्यांनी छापल्या आणि बहुतेक आसने नापास केली. बाजूने ताशी ३८ मैलांनी दिलेली म्हणून सांगितलेली धडक प्रत्यक्षात सुमारे ७० मैलांच्या धडकेइतकी होती, हे सरकारी तज्ज्ञांनी दाखवले. मासिकाने काही दिवसांत निष्कर्ष मागे घेतले, उघडपणे. मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. जाहिरात न घेणारी, नेक संस्था गणितात सपशेल चुकू शकते. नेकी हा अचूकतेचा पुरावा नव्हे. आणि ती चूक सापडली, कारण सरकारकडे त्याच आसनांच्या स्वतंत्र चाचण्या होत्या. मोटारींच्या पाहणीला असा दुसरा तपासनीस नाही. वर्गणीदारांची मूळ उत्तरे मासिकाच्या कपाटात राहतात. बाहेर येतात ती वर्तुळे.

तेव्हा मावसभावाला मिळालेला सल्ला मी थोडा बदलून देईन. लाल मोजू नये, काळे शोधावे. इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या ओळीत लागोपाठ तीन-चार साली पूर्ण काळे वर्तुळ असेल, तर ते योगायोगाने येत नाही, आणि मालकाच्या लहरीनेही येत नाही. ती गाडी सोडावी. पण एकीला पूर्ण लाल आणि दुसरीला अर्धे लाल किंवा पांढरे, एवढ्यासाठी हजार-दोन हजार डॉलर जास्त मोजू नयेत. जुन्या बाजारात नेमके ते मोजले जातात, आणि मोजणारा बहुतेक वेळा नुकताच देशात आलेला, हातात थोडे डॉलर असलेला, गाडीतले काही न कळणारा माणूस असतो. लाल वर्तुळ असलेली सात वर्षांची गाडी तो जेवढ्याला घेतो, तेवढ्यात पांढऱ्या वर्तुळाची चार वर्षांची गाडी येते. तिच्यात झीजही कमी झालेली असते. वयाने होणारा बिघाड आणि कंपनीच्या नावाने होणारा बिघाड यांत मोठा कोणता, हे त्याला तक्त्यावरून काढता आले पाहिजे. ते येत नाही, कारण प्रत्येक वर्तुळ आपापल्या सालाच्या गाड्यांशीच तुलना करून रंगवलेले असू शकते.

हे सर्व सुधारायला नवी पाहणी लागत नाही. वर्तुळाशेजारी दोन आकडे छापले की पुरे : त्या सालच्या किती गाड्यांच्या मालकांनी उत्तर दिले, आणि त्यांतल्या किती गाड्या बिघडल्या. ते आकडे मासिकाकडे आहेतच. त्यांच्यावाचून वर्तुळ रंगवता आले नसते.